कोणतं कुत्रं?

“कोणतं कुत्रं होतं? पाळीव का रस्त्यावरचं?”

डॉक्टरांनी हे दुर्गाबाईला विचारलं होतं. पाच वर्षांची शालू तिच्याच मांडीवर होती आणि नातीच्या डाव्या गालावर दाबलेला पंचाही तिच्याच हातात होता. ती तोंड उघडणार तोच मागून मालकांचा मुलगा श्रेणिक म्हणाला, “रस्त्यावरचं, डॉक्टर. चावलं आणि पळून गेलं.”

दुर्गाबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर शालूचं रक्त वाळत आलं होतं. गाडी त्यानेच काढली होती, शालूला उचलून त्यानेच आत ठेवलं होतं, केसपेपरच्या रांगेत लोकांना हात जोडून पुढे तोच घुसला होता. घाईत काहीतरी बोलून गेला असेल, असं तिला वाटलं. ज्याचं लहानपण तिच्या हातच्या पोळ्यांवर गेलं, त्या पोराबद्दल दुसरं काही मनात यायला वेळ लागतो.

नर्सने पंचा उचलला. डोळ्याच्या खालच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गाल उघडा पडला होता आणि वरचा ओठ फाटून लोंबत होता. जखमेत पिवळं दिसत होतं.

“हळद कोणी भरली?” नर्सने विचारलं.

“भाभीजींनी. रक्त थांबना म्हणून,” दुर्गाबाई म्हणाली.

“हळद नसते भरायची, मावशी. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धुवायचं असतं. आता सगळी काढावी लागंल.”

ती काढताना शालूने जो आवाज काढला तो दुर्गाबाईने याआधी कुठल्या लेकराच्या तोंडून ऐकला नव्हता. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चावा चेहऱ्यावर आहे, मेंदूच्या जवळ. नुसत्या दंडातल्या लशीवर भागत नाही. जखमेतच चारी बाजूंनी सीरम द्यावं लागतं. टाकेसुद्धा एकदम घट्ट घालता येत नाहीत. श्रेणिकने पाय धरले, नर्सने डोकं, आणि दुर्गाबाईने दोन्ही हात. सुई ओठात शिरली तेव्हा शालू रडायची थांबून नुसतीच आजीकडे बघत राहिली.

“पुढची इंजेक्शनं तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी,” डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले. “एकही चुकवायचं नाही. कुत्रं दिसलं तर दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवसांत ते ठणठणीत राहिलं, तर आपली काळजी मिटली. पण रस्त्यावरचं म्हणताय, ते आता कुठं सापडणार.”

श्रेणिकने मान हलवली. दुर्गाबाईने कागदाची घडी घातली.

परत येताना गाडीत तो म्हणाला, “मावशी, तिथं तसं बोललो कारण पोलिसांचं लफडं मागं लागतं. इलाजात काही फरक पडत नाही. खर्चाचं टेन्शन घेऊ नको. मी आहे ना.”

“बरं,” ती म्हणाली.

दुर्गाबाई जुन्या जालन्यात कन्हैयालालजींच्या घरी सव्वीस वर्षं स्वयंपाकाला होती. खाली कापडाचं ठोक दुकान, वर तीन मजले राहणं. कन्हैयालालजी वारून दहा वर्षं झाली होती. दुकान आता त्यांचा मुलगा श्रेणिक बघायचा आणि घर इचरजबाईंच्या ताब्यात होतं. दुर्गाबाई त्यांना भाभीजी म्हणायची. इचरजबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायला दुर्गा, दिवस मावळायच्या आत त्यांचं ताट वाढायला दुर्गा, त्यांच्यासाठी पाणी उकळून गाळून ठेवायला दुर्गा. दुपारी घर निजलं की दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बोलत. दुर्गाबाईचा नवरा गेला तेव्हा इचरजबाई दवाखान्यात तिच्याजवळ पहाटेपर्यंत बसून होत्या. इचरजबाईंना स्वतःच्या सुनेबद्दल जे कोणाला सांगता येत नव्हतं ते त्या दुर्गाला सांगत. दुर्गाबाई वस्तीत सांगायची, ते घर काही मालकाचं वाटत न्हाई मला.

कुत्रा चार वर्षांपूर्वी आला. तांबूस रंगाचा, गुबगुबीत, पिल्लू असताना हातभर. श्रेणिकच्या मुलाने हट्ट धरला म्हणून आणला. नाव ब्रूनो. दुर्गाबाईच्या तोंडी त्याचं बरुण झालं. त्याचं खाणं तिच्याचकडे होतं. दूध-पोळी कुस्करून ती त्याच्या वाटग्यात घाली आणि तो तिच्या पायाला अंग घाशी. अंगणवाडीला सुटी लागली की ती शालूला बरोबर आणायची. शालू त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपलेली तिने कितीदा पाहिली होती.

त्या दिवशीही काही वेगळं नव्हतं. बरुण घरातल्या चौकात खात होता. शालू पोळीचा तुकडा घेऊन त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या कानाशी काहीतरी सांगायला वाकली. इचरजबाई समोरच खुर्चीवर मूग निवडत बसल्या होत्या. दुर्गाबाई दारातून बघत होती. गुरगुरणं ऐकू आलं आणि त्याच क्षणी बरुणने मान वर केली. इचरजबाईंच्या हातातलं ताट पडलं, मूग सगळ्या चौकभर उडाले. आरडाओरडा न करता त्या म्हातारीने बरुणच्या पट्ट्याला धरून त्याला ओढलं, मग आत जाऊन हळदीचा डबा आणला आणि स्वतःच्या हाताने जखमेत हळद दाबली. “दुर्गा, धर हिला. धर,” म्हणत होत्या.

म्हणूनच संध्याकाळी भारत पोलिसांत जातो म्हणाला तेव्हा दुर्गाबाईने त्याला अडवलं नाही. भारत तिचा मुलगा, शालूचा बाप. सळयांच्या कारखान्यात कामाला होता. लेकीचं बांधलेलं तोंड पाहून तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला होता.

“त्यांनी कुत्रं रस्त्यावरचं लिहून दिलंय, माय,” तो म्हणाला. “केसपेपर वाचला म्या. उद्या ते लोक म्हणतील आमच्याकडं कुत्रंच न्हाई.”

“श्रेणिकभैया घाबरला असंल,” दुर्गाबाई म्हणाली. “पण भाभीजींनी डोळ्यानं पाह्यलंय. त्या खोटं बोलायच्या न्हाईत. सव्वीस वर्षं पाहून राह्यले मी त्या बाईला.”

“मंग चल. तूच दाखव हवालदाराला घर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच हवालदाराला घेऊन जिना चढली. भारत मागे होता. चौकात पाय ठेवताच तिला फिनाईलचा वास आला. बरुणचं वाटगं नव्हतं. खांबाची साखळी नव्हती. खांबाला जिथे ती घासायची तिथला रंग तेवढा उडालेला होता. कोपऱ्यातल्या फटीत मुगाचे चार दाणे राहिले होते.

हवालदार मध्यमवयाचा, सभ्य माणूस होता. त्याने वही उघडली. “घरात कुत्रा आहे का?”

“होता,” श्रेणिक म्हणाला. “मागच्या महिन्यात देऊन टाकला. लहान मुलं आहेत घरात.”

हवालदार इचरजबाईंकडे वळला. “आजी, तुम्ही काल घरी होतात. काय पाहिलं?”

इचरजबाई खुर्चीवर बसल्या होत्या. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. दुर्गाबाई त्यांच्या समोर, चार हातांवर उभी होती. तिला अजून काहीच वाटत नव्हतं. उलट त्यांना एवढ्या सकाळी त्रास दिला याचंच ओशाळवाणं वाटत होतं.

“मी सामायिकात, ध्यानाला बसले होते, भाऊ,” इचरजबाई म्हणाल्या. “तोंडाला पट्टी बांधून अठ्ठेचाळीस मिनट आम्ही उठत नाही. रडण्याचा आवाज आला म्हणून बाहर आले. लेकरू गल्लीतून येत होतं. रक्त होतं. मी हळद लावली. बस.”

“म्हणजे कुत्रं तुम्ही पाहिलं नाही?”

“नाही.”

त्यांचे हात मांडीवर होते. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. दुर्गाबाई त्या नखांकडेच बघत राहिली. तिला वाटलं, त्या आता वर बघतील. वर बघितलं तर त्यांना पुढे बोलता येणार नाही. पण इचरजबाईंनी वर पाहिलं नाही.

“भाभीजी,” दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाली, “मूग सांडले ना तुमच्या हातून.”

“मूग रोजच निवडते मी, दुर्गा.”

हवालदाराने वही मिटली. जिन्यात त्याने भारतला सांगितलं, लेकराला इलाज मिळतोय ते बघा, साक्षीदार नसला की पुढं काही होत नाही. रस्त्यावर आल्यावर भारत आईला एवढंच म्हणाला, “तूच आणलं व्हतंस ना हवालदाराला इथं.”

‘रस्त्यावरचं कुत्रं’ हे गल्लीत पसरायला दुपारही लागली नाही. आडतीच्या पायरीवर एक भुरकी कुत्री निजायची, सगळ्या गल्लीची. चौघांनी तिला दोरी टाकून पोत्यात घातलं आणि कुंडलिका नदीच्या पल्याड सोडून आले. सोडून आले असं त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शालूला दुसरं इंजेक्शन देऊन आणल्यावर दुर्गाबाई पुन्हा त्या घरी गेली. सुनेने, सत्यशीलाने, विचारलं, “आता कशाला?” तिने सांगितलं नाही. डॉक्टरांचे दहा दिवस तिच्या डोक्यात बसले होते. रात्रभर ती शालूचा श्वास ऐकत होती, पाणी पिताना तिच्या घशाकडे बघत होती.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. सवयीने तिने हात धुतले, परात घेतली, कणीक मळायला बसली. थोड्या वेळाने इचरजबाई आल्या आणि उंबऱ्याशी, रोजच्या जागी, भिंतीला धरत धरत बसल्या.

“शालू कैसी आहे?” त्यांनी विचारलं.

“ताप हाय थोडा.”

वर कुठेतरी टीव्ही चालू होता. दुर्गाबाईने हात थांबवले.

“भाभीजी, पोलिसाचं जाऊ द्या. ते झालं. आता इथं कोणी न्हाई, तुम्ही आन् मी. मला एकच सांगा. बरुणला कुठं ठुलंय ते बी सांगू नका. तो जेवून राह्यला का? पाणी पितो का? दहा दिवस तो बरा राह्यला तर माझं लेकरू वाचलं. डॉक्टर म्हणले.”

इचरजबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“मी कोणापाशी बोलणार न्हाई,” दुर्गाबाई म्हणाली. “भारतला बी न्हाई सांगणार. माझ्या जीवासाठी इचारते.”

“कोणतं कुत्रं, दुर्गा?” इचरजबाई म्हणाल्या.

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. आवाजही चढवला नाही. गुडघे दुखतात म्हणून तेल मागावं तसं साध्या आवाजात म्हणाल्या आणि पदर गुंडाळत राहिल्या.

चौकातलं खोटं दुर्गाबाईला एका परीने कळू शकत होतं. तिथे मुलगा होता, पोलीस होता, घराचं नाव होतं. इथे कोणीच नव्हतं. सव्वीस वर्षं ज्या उंबऱ्याशी दोघींनी एकमेकींना सगळं सांगितलं, तिथे बसून ही बाई तिला तोंडावर विचारत होती, कोणतं कुत्रं.

तिने अर्धी मळलेली कणीक नीट मळून पूर्ण केली. तिच्यावर ओला फडका झाकला. हात धुतले, पदराला पुसले. दारातून बाहेर पडताना इचरजबाईंच्या पायाला तिचा धक्का लागू नये म्हणून ती अंग चोरून गेली. त्या घरी ती पुन्हा कामाला गेली नाही.

सातव्या दिवशी दुपारी फोन आला. अनोळखी नंबर होता. “मावशी, मी कनिका,” पलीकडून श्रेणिकची बायको हळू बोलत होती. “माहेरून बोलते. ब्रूनो इथं आहे, माझ्या भावाच्या शेतावर. चांगला आहे. खातो, फिरतो. त्याची सगळी इंजेक्शनं झालेली आहेत, कार्डाचा फोटो पाठवते. डॉक्टरांना दाखवा.”

दुर्गाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलं नाही. “लई उपकार झाले, वहिनी.”

कनिका म्हणाली, “उपकार म्हणू नका. महिन्यापूर्वी यानं आमच्या छोट्याचा हात धरला होता. खाताना हात लावला म्हणून. रक्त नाही आलं, पण दात उमटले होते. तेव्हापासून आम्ही छोट्याला खाली सोडत नव्हतो.”

दुर्गाबाईला आठवलं. छोटा महिनाभर वरच खेळायचा. परीक्षा आहे, असं सांगितलं होतं.

“मी म्हणलं होतं, मावशीला सांगू या, शालू येते,” कनिका म्हणाली. “मम्मीजी म्हणाल्या, नको. ती घाबरेल, त्याला खायला घालायचं बंद करेल. दुसरं कोण करणार.” ती थांबली. “मावशी, माझं नाव कुठं घेऊ नका.”

फोटो आला. दुर्गाबाईने तो डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर म्हणाले चांगलं झालं, तरी इंजेक्शनं पूर्ण करायचीच. तिने ती पूर्ण केली. दहावा दिवस गेला, अठ्ठाविसावा गेला. भारतला तिने फोनचं सांगितलं, पण छोट्याच्या हाताचं सांगितलं नाही. ते तिने स्वतःजवळच ठेवलं. भाभीजी रोज दुपारी उंबऱ्याशी बसत, शालूच्या हातावर खडीसाखर ठेवत, आणि ती खडीसाखर चघळत शालू बरुणकडे पळे. महिनाभर. हे तिला स्वयंपाक करताना, चालताना, कधीही आठवायचं आणि ती उभी राहायची.

शालूचा गाल भरला, पण डोळ्याखालून ओठापर्यंत जाड लाल रेघ राहिली. ओठ वर ओढला गेला. हसली की एकीकडचा दात दिसायचा. मोठी झाल्यावर शस्त्रक्रिया करता येईल, थोडाफार फरक पडेल, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. वस्तीतल्या बायका तिच्याकडे बघून च्यक् करत आणि मग दुर्गाबाईकडे बघत. सत्यशीलाने सासूला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त शेजारी जायचं असलं तरी ती आता लेकीला कडेवर घेऊन जाई.

एकदा जेवताना शालूने विचारलं, “आज्जी, बरुणला मी दिसले न्हाई का?”

“दिसली की.”

“मंग वळखलं न्हाई?”

दुर्गाबाईच्या हातात घास होता. “जनावर हाय, बाळा. खाताना त्याला कळत न्हाई.”

शालूने ते मान्य केलं. दुर्गाबाईला मात्र तेवढ्यावर भागवता येणार नव्हतं.

उन्हाळा संपला. तिला मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करायचं काम मिळालं. साठ मुली. तिथे कोणी तिला मावशी म्हणे, कोणी नुसतंच ‘ओ पोळीवाल्या’. तिला दोन्ही चालत होतं. शालू पहिलीत गेली.

भाद्रपदात एका सकाळी दारात रिक्षा थांबली. दुर्गाबाई शालूला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरत होती. सव्वीस वर्षांत ज्या कधी या घरी आल्या नव्हत्या त्या इचरजबाई रिक्षातून उतरत होत्या. दाराच्या तीन उंच पायऱ्या पाहून त्या थबकल्या. दुर्गाबाई उठली, खाली गेली, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर आणलं आणि खुर्ची दिली. त्या वाळल्या होत्या. पर्युषण नुकतंच संपलं होतं. आदल्या दिवशीचा संवत्सरीचा उपवास तोंडावर दिसत होता.

संवत्सरी झाली की त्यांच्या जैनांत सगळ्यांची क्षमा मागतात. घरातले एकमेकांची, मालक नोकरांची, सासू सुनेची. दरवर्षी इचरजबाई स्वयंपाकघरात येऊन तिच्यापुढे हात जोडत आणि दुर्गाबाई लाजून, उलट त्यांच्याच पाया पडून, तेच शब्द परत म्हणे.

इचरजबाईंनी हात जोडले. “खमतखामणा, दुर्गा. जाणते-अजाणते माझ्याकडून मन दुखलं असेल तर…”

शालू दोघींच्या मध्ये उभी होती. अर्धे केस विंचरलेले, अर्धे मोकळे.

“त्यातलं जाणूनचं कोणतं, भाभीजी?” दुर्गाबाईने विचारलं. “तेवढं सांगा.”

इचरजबाईंचे हात जोडलेलेच राहिले. त्यांनी शालूच्या गालाकडे पाहिलं, मग खाली. ओठ हलले. बाहेर रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि घरात एकदम शांत झालं.

“घर श्रेणिकचं आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “या उमरमध्ये मी काय करणार होते.”

“महिन्याआधी छोट्याचा हात धरला व्हता त्यानं. तवा तर मला एक शब्द सांगायचा व्हता.”

म्हातारीने चटकन वर पाहिलं. हे दुर्गाला माहीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांचे हात हळूहळू मांडीवर आले. दुर्गाबाईने वाट पाहिली, बरीच पाहिली.

मग ती उठली. “पाणी उकळते तुमच्यासाठी. दुसरं चालत न्हाई तुम्हाला.”

गॅसवर पातेलं ठेवलं. उकळी आल्यावर ते गाळलं, दुसऱ्या भांड्यात वरखाली करून निववलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. इचरजबाई थांबत थांबत सगळं पाणी प्यायल्या. पेला खाली ठेवून त्या दुर्गाबाईकडे बघत राहिल्या. त्यांना ते परतीचे शब्द हवे होते. दुर्गाबाईने ते म्हटले नाहीत. तिने पुन्हा त्यांच्या काखेत हात घातला, एकेक पायरी सांभाळून खाली उतरवलं, रिक्षात बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून आत सारला.

ती वर आली तेव्हा शालू फणी हातात घेऊन बसली होती. “आज्जी, त्या कशाला आल्त्या?”

“पाणी प्यायला.”

शाळेची वेळ होत आली होती. दुर्गाबाईने भांग पाडला, उजवी वेणी घातली. डाव्या बाजूचे केस हातात घेतल्यावर ती थांबली. शाळेतली एक मुलगी केस गालावर मोकळे सोडते, तसं हिचंही करून द्यावं का, असा विचार तिच्या मनात आला.

“हिकडचे मोकळे सोडू का गं? गालावर?”

“नको,” शालू म्हणाली. “लिहिताना डोळ्यात येतात.”

दुर्गाबाईने केस मागे ओढून घट्ट वेणी घातली आणि रिबिनीची गाठ मारली.